इनासची खुर्ची

इनास,

तू आज हत्यारं न्यायला येणार, असं मेरीमावशी म्हणाली. तुला मोकळेपणाने बांधाबांध करता यावी म्हणून मी मुद्दाम देवळात दुसऱ्या मिसेच्या प्रार्थनेला चाललोय. पटाशांना धार लावून ठेवलीय.

तुझी खुर्ची डुगडुगते, एक पाय आखूड कापलास, असं मी चार सुतारांसमोर बोललो आणि तू तडक मुंबई गाठलीस. परवा ती देवळात नेऊन फरशीवर ठेवली. चारही पाय टेकले, केसभर हलली नाही. घरी येऊन खुर्चीच्या नेहमीच्या जागी माझं स्टूल ठेवलं, तर तेही डुगडुगलं. तुझी आई गेल्यापासून घरातली मातीची जमीन कुणी चोपलीच नाही रे. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण खुर्चीखाली बघायचं मला सुचलं नाही. त्या चौघांना आज देवळाबाहेर हे सांगणार आहे. खुर्चीची पाठ मात्र जरा उभीच झालीय, ते मागे घेत नाही.

भात आणि बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. हत्यारं सगळी ने, खुर्ची तेवढी राहू दे. जमीनही मी अजून तशीच ठेवलीय. बसल्यावर खुर्ची हलते, तेव्हा घरात आणखी कुणी आहेसं वाटतं.

बाबा