अंगठ्याएवढं वांगं

चि. वर्षालीस,

तुझी आई जेवत नाही. "घरचं वांगं असलं तर भरीत खाईन," एवढंच म्हणते. म्हणून गच्चीवर रंगाच्या बादल्यांत वावरातली काळी माती भरली. तिच्यात जन्मभर कपाशी पिकवली, पण बादलीत पाणी निथरेना, वांग्याच्या रोपांची मुळं सडली. शेजारची माणिकबाई हसली, "भाऊ, बादलीत वावर आणलं काहून?" तिने रेती मिसळायला लावली.

एकच रोप वाचलं. काल अंगठ्याएवढं वांगं भाजलं. आईने एक घास घेतला. म्हणाली, "बाकीचं वर्षालीले ठेवा."

डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तिला सांगितलं नाही. तू धावत आलीस तर तिला कळेल, म्हणून हे पत्र टाकत नाही. तुझं भरीत झाकून ठेवलं आहे.

तुझा बाबा,
सहदेव