दादा घसरला ती जागा

प्रिय आईस,

तुझ्या पाया पडून लिहायला बसले आहे. मी सुखरूप खाली उतरले, आधी एवढं वाच, मग बाकीचं.

उन्हाळा सरत आलाय, तरी दगड तापलेले होते. चढ अगदी छातीवर येतो. गेल्या वर्षी दादाबरोबर होते तेच वाटाडे काका माझ्या पुढे होते. पायाला दोन फोड आले, बाकी काही नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

दादा घसरला ती जागा काकांनी दाखवली. तिथं आता लोखंडी साखळी लावली आहे. तू वर्षभर जे विचारतेस तेच मी विचारलं, शेवटच्या घटकेला तो एकटा होता का?

"नाही," ते म्हणाले. "मी खाली उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तासभर बोलत होता. पाणीही प्यायला."

मग सकाळी झालेलं आम्हाला दुपारी तीनला का कळवलं, असं मी जरा तोडूनच विचारलं. ते साखळीला धरून खाली बसले.

"तोच म्हणाला, आईला एवढ्यात सांगू नका. आधी तिला जेवू द्या."

आई, या माणसाला आपण किती शिव्याशाप दिले. मी त्यांची माफी मागितली, तुझ्याही वतीनं. तू त्या दिवसापासून दुपारचं जेवण सोडलंस, हे मात्र त्यांना सांगवलं नाही.

परवा पोचते. तोवर जिवाला जप.

तुझीच,
धाकटी