बिसरामची पाळी

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७
माझ्या मित्राचा, भुपेंद्रचा, खेळ लिहून पूर्ण झाला. त्याच्या बायकोने, अंजूने, फोनवर पक्कं सांगितलं. शंभर पानी वही, सगळी डायलिसिसच्या खुर्चीत लिहिलेली. आठवड्यातून तीनदा गोंदिया, दर वेळी चार तास. आज चार वाजता कामठ्याला त्याच्या घरी पहिला डाव होता. मलाही बोलावलं होतं. गेलो नाही. तपासल्याशिवाय खेळायला बसणं माझ्या तत्त्वात नाही.

१२ ऑगस्ट
वहीची झेरॉक्स तिरोड्याला पोचली. सोबत चिठ्ठी: उम्या, मार्क मंग दे. आधी खेळून पाय.
हीच लोकांची चूक. रोलप्लेइंग खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, अडलं की फासे टाकतात. मजा आली की म्हणतात खेळ चांगला. मजा हा निकष नाही. माझ्या फॉर्ममध्ये बेचाळीस निकष आहेत. आजवर एकसष्ट खेळांना गुण दिले. शेवटचा रकाना, 'प्रत्यक्ष खेळून पाहिला का?' एकसष्ट वेळा उत्तर: वाचून कल्पना आली. बारावीचे पेपर तपासतो तेव्हा मी परीक्षेला बसतो का?

१५ ऑगस्ट
झेंडावंदन आटोपून वाचायला बसलो. गोष्ट अशी: तलाव भरलेला, खाली शेतात धान पाण्यावाचून वाळून राहिलेलं. गेटची चावी पाणी सोडणाऱ्या बिसराम पाटकऱ्याकडे. बिसराम म्हणजे मी. मला न विचारता दिलाय.
वातावरण ८. फासे ५. नियम क्रमांक नऊ: जो आला नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि त्याची पाळी आली की तो जे म्हणाला असता तेच बाकीच्यांनी म्हणायचं. हास्यास्पद. गैरहजर पोराचा पेपर वर्गाने लिहायचा? दहापैकी १.

१७ ऑगस्ट, रविवार
कामठ्याला जाणार होतो. गाडी लेट असणार अशी खात्री वाटली, म्हणून स्टेशनवर गेलो नाही. अंजू म्हणाली, पाच वाजेपर्यंत वाट पाहिली.

२५ ऑगस्ट
कालचाही रविवार गेला. निकष एकोणीस ते चोवीस राहिले होते.
सकाळी भुपेंद्रचा फोन. आवाज बारीक झालाय. किती देल्ले, विचारलं. अंतरिम ५४, सांगितलं. हसला, मग बराच वेळ खोकला. म्हणाला, नापास तं नाही केलं ना बावा. मी म्हटलं, सुधारणेला वाव आहे, अकरा पानी सूचना पाठवतोय. तो म्हणाला, सूचना कायले धाडतोस, तूच ये न. पाळी अडून राहिली.
सप्टेंबरचा दुसरा रविवार. नक्की. वहीत लाल पेनने लिहिलं.

३ सप्टेंबर
फोन केला तर त्याच्या आईने, धुरपताबाईने, उचलला. त्या सत्तरीच्या. त्याही खेळतात. म्हणाल्या, तुही खुर्ची दर रविवारी मांडतो, उशी ठेवून. तुही पाळी आली का आम्ही तिघंही संगच म्हणतो, थांबा, नियम तपासून राहिलो. मग भुपेंद्र हसत राहते. मग गेट काही उघडत नाही. चार रविवार झाले पोरा, आमचं धान वाळून राहिलं ना.
मी त्यांना शांतपणे समजावलं की खेळ अडला तो नियम नऊमुळेच. गुण १ वरून ०.
नंतर लक्षात आलं, ते हवं तर म्हणू शकले असते की बिसरामने गेट उघडलं. पण नियम, तो जे म्हणाला असता तेच. नियम त्यांनी काटेकोर पाळला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मूल्यमापन पूर्ण. ५७. वेळेच्या दोन दिवस आधी. फॉर्म लॅमिनेट करून घेतला, परवा हातात देईन. सत्तावन्न माझ्याकडून म्हणजे कमी नाही. त्याला आनंद होईल.

१३ सप्टेंबर
भुपेंद्र गेला. काल दुपारी, डायलिसिस सुरू असतानाच. अंजूने सकाळी सातला कळवलं.
अकराला कामठ्याला पोचलो. गाडी वेळेवर होती.
बैठकीत चार खुर्च्या भिंतीला लावलेल्या. एकीवर उशी. मी खाली सतरंजीवर बसलो.

१५ सप्टेंबर
फॉर्म पिशवीतच आहे. लॅमिनेट केलेल्या कागदावर खोडता येत नाही. घाई केली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तेरवी परवा झाली. आज अंजूचा फोन. रविवारी चार वाजता बसणार आहेत. गोष्ट आता ती सांगेल. म्हणाली, भाऊजी, यांची खुर्ची तं रिकामीच राहीन. तुमची कायले ठेवू?
मी म्हटलं, येतो. मग विचारलं की गेट उघडायला किती फासे लागतात, कारण वही तीनदा वाचली, त्यात कुठेच दिलेलं नाही.
ती म्हणाली, फासे नाही लागत भाऊजी. तुम्ही 'उघडलं' म्हटलं, का गेट उघडते.
परवा. सव्वादोनची गाडी. पहिली पाळी बिसरामची. फॉर्म सोबत न्यायचा की नाही, ते उद्या ठरवीन.