आठवा बोल्ट

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देत नसेल, तर तिचंच बरोबर आहे. मी मजेत. नोकरीला दोन महिने झाले, आणि खरं सांगते, माझ्यावाचून या कारखान्याचं पान हलत नाही. (पंप हलतो की नाही, ते पुढे येईलच.)

तर मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं, पंपाचं झाकण. आठ बोल्ट, देखणं ड्रॉइंग, मापात केसभर चूक नाही. साहेबांनी सही केली (त्यांना घाई होती, पण सही ती सही). झाकण तयार होऊन आलं आणि काय सांगू, असं चपखल बसलं! सात बोल्ट आवळले. आठवा पाइपाच्या मागे. पाना आत जातो, पण फिरत नाही. कॉम्प्युटरवर सगळं नीट होतं हो! (कॉम्प्युटरला हात नसतात, हे कॉलेजात चार वर्षांत कुणी बोललं नाही.) आमचे फोरमन एरवी 'हं'च्या पलीकडे बोलत नाहीत. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या मॅडम, बोल्ट तुमचाच आहे." अख्खा कारखाना हातातलं काम टाकून बघायला जमला. मी अर्धा तास झटले, बोटांची सालटी निघाली, बोल्ट ढिम्म. तरी मी डगमगले नाही. सरळ जाऊन चहा प्यायले.

महिनाअखेरीस पंप गिऱ्हाइकाकडे जायचाय. तोवर बोल्ट आवळला नाही तर कायम होणं विसरा, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, निर्धास्त राहा साहेब, त्यासाठी खास पाना असतो, माझ्या मनात तो पहिल्यापासून होता.

मामीला नमस्कार.

तुमची भाची (इंजिनिअर)

ता. क. : मी निघताना तुम्ही माझ्या बॅगेत तुमच्या फिटरकीतला एक पाना घातला होतात ना, तोंड घासून पातळ केलेला, मान वाकवलेला? "आधी हात घालून बघ, मग रेघ मार," असंही म्हणाला होतात. ते भंगार कशाला, म्हणून मी तो हळूच काढून चपलांच्या कपाटामागे टाकला. चुकलं माझं, मामा. तेवढा शोधून पाठवा. फोनवर हसाल म्हणून पत्र लिहितेय.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन. तिला बोल्टाचं सांगितलं, तर म्हणे, पाना तुम्हाला मी निघाले त्याच संध्याकाळी सापडला. तेल लावून, खोक्यात घालून, वर माझा पत्ता लिहून तुम्ही दोन महिने ठेवलाय, आणि "मागेल तेव्हाच धाडायचा" म्हणता.

तर मामा, मागते.