अर्बाबच्या वडिलांच्या रिव्हॉल्वरची मूठ

वसुंधरा,

तू कामावर गेल्यावर मालकांचा, अर्बाबचा फोन आला, म्हणून वर्कशॉपला जातोय. त्यांच्या वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्वरची लाकडी मूठ बदलायची आहे. गोळ्या काढल्यात, घाबरू नकोस. त्याचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि म्हाताऱ्याचा अंगठा आता तिथवर पोचत नाही. मूठ बारीक केली तर पोचेल का? लाकूड शिसवी घ्यावं की ऑलिव्हचं? तुझं लाटणं हातात धरून तासभर तेच बघत होतो.

मी म्हटलं, "दुसरा कारपेंटर है ना."

अर्बाब म्हणाले, "उसका अंगूठा तो ठीक है."

काल तुझ्यावर उगाच ओरडलो, मनात ठेवू नकोस. माझा अंगठा तुटल्यापासून रंध्याला हात लावला नव्हता. आज धरता येतो का, बघतो.

दयानंद