नोंदीत नसलेला इद्रीस

भिवंडी,
ता. ३० ऑक्टोबर १९८८

चि. दामू यास,
ताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गावी दिघाशीला आईचे गुडघे धरलेत. तू आमदार झाल्याचं तिला अजून पुरतं पटलेलं नाही. शेजारपाजारी विचारलं की सांगते, दामू मुंबईला असतो, बोलायचं काम करतो.

तर आता बोलायचं काम देते. परवाच्या मंगळवारी आमच्या दवाखान्यामागच्या लूमच्या कारखान्यात पोटमाळा कोसळला. रात्रपाळीचे कामगार दिवसा त्यावरच झोपतात, हे तुला ठाऊक आहे. चौघे जखमी झाले, एक जागीच गेला. इद्रीस त्याचं नाव, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचा, पंचविशीतला. महिन्यापूर्वी बोट लूममध्ये सापडलं म्हणून माझ्याकडे पट्टी बांधायला यायचा. मी पट्टी आवळली की कळ सोसायला बायकोबद्दल बोलत बसायचा. कनीज तिचं नाव. तिच्या हातच्या लोणच्यापासून तिच्या रागापर्यंत सगळं मला पाठ झालं होतं.

मालकानं कानावर हात ठेवलेत. आपली माणसंही म्हणतात, भय्या होता, आपल्याला काय? मला याची शिसारी आली आहे, दामू. पोटमाळे असे किती आहेत आणि ते तपासायचे कोणी, हे सभागृहात विचार. निदान तो मेला एवढं तरी कोणी लिहून ठेवू दे.

तब्येतीला जप. चार ओळींचं का होईना, उत्तर पाठव. माया आहे तशीच आहे.

तुझी,
कलाताई


मुंबई, आमदार निवास,
ता. ८ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. प्रश्न दिला आहे, हिवाळी अधिवेशनात नागपूरला येईल. आमचे प्रश्न कसे असतात सांगतो, म्हणजे फार आशा धरणार नाहीस. आम्ही लिहायचं, अमुक कारखान्यात अमुक माणूस मेला हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? मंत्र्यांनी पहिल्याला ‘नाही’ म्हटलं की बाकीच्यांवर ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून मोकळं व्हायचं. माझ्या ट्रंकेत असे न उद्भवलेले प्रश्न गठ्ठ्यानं पडलेत.

आमच्या पक्षाचे नेते म्हणाले, दामोदरराव, या लोकांची मतं गावाकडं, तुमच्या काय कामाची? वाद घालायचाही कंटाळा येतो हल्ली. पण प्रश्न मागे घेतला नाही, एवढं तुझ्यासाठी.

मुलांना आशीर्वाद. आईला सांग, बोलायचं काम चालू आहे.

तुझा,
दामू


नागपूर,
ता. ९ डिसेंबर १९८८

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

काल आपला प्रश्न लागला. उत्तर जसंच्या तसं उतरवतो. (१) नाही. सदर कारखान्यात इद्रीस नावाचा कोणीही कामगार नोंदीत नव्हता व नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

मी उठून विचारलं, मग पोटमाळ्याखालून काढला तो कोण? मंत्र्यांनी शांतपणे सांगितलं की अपघातात सुलेमान नावाचा एक कामगार दगावला, त्याची रीतसर नोंद झाली, त्याच्या घरी तारही गेली. सन्माननीय सदस्यांनी मेलेल्या माणसाचं नाव तरी विचारून यावं. सगळं सभागृह हसलं. आमच्या बाकावरचेही हसले. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून माझ्यावर नोटीस आणायची भाषा चालली आहे.

ताई, मी तुझ्या शब्दावर उभा राहिलो आणि तोंडघशी पडलो. केसपेपरवरचं नाव पाहिलंस आणि झालं? कारखान्यात कोणाला विचारायचं सुचलं नाही? दवाखान्यातली तुझी कणव तिथंच ठेवायची होतीस. फार थकलो आहे, म्हणून तोडून लिहितो. वाईट वाटलं तर वाटू दे.

दामू


भिवंडी,
ता. १५ डिसेंबर १९८८

चि. दामू यास,
आशीर्वाद व जयभीम.

वाईट वाटलं. दोन दिवस पत्राला हात लावला नाही. पण चूक आपल्या दोघांची आहे. आपण इथं लहानाचे मोठे झालो आणि साधी गोष्ट विसरलो. बदली, दामू! हजेरीच्या मस्टरवर एकाचं नाव, लूमवर दुसराच. आपले बाबा आठ महिने कोंडूकाकांच्या नावावर गोदीत ड्युटी करत होते, आठवतं? घरीही कोणी ‘कोंडू’ अशी हाक मारली की बाबाच वळून बघायचे, आणि आपण हसायचो.

सुलेमान हा इद्रीसचा थोरला भाऊ. दरवर्षी पेरणीला मुलुखाला जातो, लूम हातचे जाऊ नयेत म्हणून आपल्या नावावर धाकट्याला उभा करतो. कारखान्याच्या मुनीमजीला माहीत असतं, मालकालाही. पोटमाळा पडला तेव्हा मुनीमजीनं मस्टर उघडलं आणि तेच नाव मोठ्या इस्पितळात, पोलिसांत आणि कब्रस्तानात दिलं. तारही त्याच नावानं गेली.

हे मला कोणी सांगितलं असेल? खुद्द सुलेमाननं. काल दवाखान्यात येऊन माझ्यासमोर ती तार ठेवली. म्हणाला, पोस्टमन दारात वाचत होता की सुलेमान भिवंडीत वारला, आणि मी समोर बैल बांधत होतो. घरातले सगळे हसले, तार चुकली म्हणून. कनीजही हसली. तो एकटा हसला नाही. मस्टरवर कोणाचं नाव आहे हे त्याला एकट्याला माहीत होतं. कनीजला कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

कारखान्यात गेला तर मुनीमजीनं दारातूनच घालवला. सुलेमान मेला, तू कोण? म्हणे जास्त बोललास तर खोट्या नावानं माणूस घुसवला म्हणून तुलाच आत टाकतील. गुपचूप निघून जा, असा सल्ला त्याला चौघांनी दिला. मीही दिला असता. पण तो म्हणतो, भाऊ माझ्या नावाखाली पुरला गेलाय, तो मला सोडवायचाय. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे, सोबत पाठवते. यानं त्याचे लूम कायमचे जातील हे त्याला कळतं, तरी अंगठा दिला.

आता तुझी गोष्ट तुला ठाऊक. उभा राहायचं तर चूक कबूल करून राहावं लागेल, आणि पुन्हा हसतील. मी आग्रह करत नाही.

माझा राग गेला, तुझाही जावा ही इच्छा.

तुझी,
ताई


मुंबई,
ता. ११ एप्रिल १९८९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

नागपूरला शेवटच्या दिवशी औचित्याचा मुद्दा म्हणून उभा राहिलो होतो, ते तुला त्रोटक कळवलं होतं. मी आधी माफी मागितली, माझी माहिती अपुरी होती म्हणून. तू म्हणालीस तसे हसले. मग प्रतिज्ञापत्र वाचलं. म्हटलं, भिवंडीतलं निम्मं कापड अशी माणसं विणतात ज्यांचं नाव मस्टरवर नाही, यादीत नाही, म्हणून ती मेली तरी जबाबदार कोणी नाही. अर्ध्यावर घंटा वाजली. मंत्री म्हणाले, तपासून घेऊ.

त्यानंतर चार महिने फायलीमागे फिरलो. एकदा फाईल नागपूरला राहिली, एकदा साहेब रजेवर. कारखाना निरीक्षकानं सुलेमानकडे जिवंत असल्याचा दाखला मागितला, तो गावच्या प्रधानाकडून येईपर्यंत फेब्रुवारी संपला. कितीदा वाटलं, सोडून द्यावं.

काल मंत्र्यांनी उत्तरात दुरुस्ती केली. छापील कागद सोबत आहे. इद्रीस नावाचा कामगार सदर अपघातात मरण पावला, हे खरे आहे काय? (१) होय.

एवढंच, ताई. मालकावर कारवाई ‘विचाराधीन’, पोटमाळ्यांची पाहणी ‘यथावकाश’. पण चार वर्षांत मला मिळालेला हा पहिला ‘होय’ आहे. कोणी बाक वाजवले नाहीत. पुढचा प्रश्न माशांच्या बाजाराचा होता.

डिसेंबरात तुला जे लिहिलं त्याची लाज वाटते. जयंतीला दिघाशीला येतो, तेव्हा समोरच कान धर.

तुझा,
दामू


भिवंडी,
ता. १७ एप्रिल १९८९

चि. दामू यास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

जयंतीला आलास, बरं वाटलं. फार वाळला आहेस. सगळ्यांसमोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

आज सुलेमान आला होता. लूम गेल्यापासून अंबाडीला वीटभट्टीवर विटा वाहतो. तुझा कागद मी त्याला वाचून दाखवला, मग हिंदीत समजावला. त्यानं मला इद्रीसच्या नावावर बोट ठेवायला लावलं, आणि नंतर ‘होय’वर. कागद घडी करून खिशात ठेवला. कब्रस्तानच्या वहीत नाव बदलून घ्यायला मीच त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं, पण तो बाकावरून उठेना.

आणि मग तो रडायला लागला, दामू. इतका मोठा माणूस, तोंडात मूठ धरून. सकाळची गर्दी होती, बाया पोरं घेऊन रांगेत उभ्या. मी विचारलं, आता का, आता तर काम झालं? तर म्हणाला, बाई, ऑक्टोबरपासून मी जिवंत आहे हेच सगळ्यांना सांगत फिरतोय. भावासाठी रडायला सवडच मिळाली नाही.

मी त्याला बसू दिलं. रांगेतलं कोणीही घाई करा म्हणालं नाही.

कागदाची आणखी एक प्रत पाठव, कनीजला हवी आहे. आणि जेवत जा वेळेवर.

तुझी,
कलाताई