रिकामा कोनाडा

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना प्रभू येशूत सलाम. मी बरी आहे, जेवते वेळेवर. इस्पितळाच्या लाँड्रीत आता मला चादरींच्या इस्त्रीवर घातलंय, त्यामुळे दिवसभर हात पाण्यात नसतात. आईचे गुडघे कसे आहेत?

माझ्या खोलीतली कॅथलिक मावशी गेल्या आठवड्यात लेकीकडे कायमची राहायला गेली. कोनाड्यातली मरियामातेची मूर्तीही घेऊन गेली. कामाला निघताना ती रोज त्या मूर्तीला "येते गं माय" म्हणायची. मी पडले प्रोटेस्टंट चर्चच्या पाळकाची मुलगी, गप्प कशी बसणार? म्हटलं, "मावशी, देवाशी थेट बोला की. मध्ये वशिला कशाला?"

ती म्हणाली, "वशिला कसला? घरातून निघताना मोठ्या माणसाला सांगून निघावं."

त्यावरून मीच दोन दिवस अबोला धरला. ते दोन दिवस आता फार आठवतात.

परवा कामाला निघाले, कुलूप हातात घेऊन दारात थांबले, आणि त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघून "येते" म्हणाले.

रागावू नका, बाबा. तिथे मूर्ती नव्हती. कुणीच नव्हतं.

तुमच्या प्रार्थनेत असलेली,
धाकटी